व्हेनिसचा तह, साथीचा कायदा आणि वडवणीचा मुलूख : एक पाठचिकित्सा

जुना कागद हातीं आला असतां तीन प्रश्न प्रथम विचारावयाचे असतात : तो कोणीं लिहिला, कोणास उद्देशून लिहिला, आणि ज्याचें नांव त्यांत असावयास हवें होतें असा कोण त्यांतून गळला आहे. सनद, महजर किंवा तहनामा असेल तर हे प्रश्न आपण सहज विचारतों. परंतु कागद छापील असला व त्याचा विषय आरोग्य असला, कीं आपली चिकित्सा ढिली पडते. ही वैद्यांची बाब आहे असें म्हणून तो बाजूस ठेवला जातो. प्रस्तुत लेखांत अशा दोन छापील लेखांचें परीक्षण करावयाचें आहे. पहिला, ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं कलकत्त्यास मंजूर झालेला साथीच्या रोगांचा कायदा. दुसरा, ता. १९ मार्च १८९७ रोजीं व्हेनिस येथें युरोपांतील व इतर सरकारांच्या वकिलांनीं सह्या केलेला प्लेगविषयक तह.

या परीक्षणासाठीं पायरोंवण्याची जागा म्हणून आम्हीं बीड जिल्ह्यांतील वडवणी निवडली आहे. आज तें तालुक्याचें ठिकाण आहे. १८९७ सालीं बीड जिल्हा निजामच्या राज्यांत, औरंगाबाद सुभ्यांत होता, आणि त्याच्या पश्चिमेस इंग्रजी मुलखांतला तेव्हांचा अहमदनगर जिल्हा लागत असे. कलकत्त्याचा कायदा व व्हेनिसचा तह या दोहोंचा विचार मुंबई किंवा पुणें येथें उभें राहून केला म्हणजे एक चित्र दिसतें; वडवणीस उभें राहून केला म्हणजे दुसरें दिसतें. तें दुसरें चित्र आजवर नीटसें कोणीं पाहिलेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम तारखा लावून घेऊं. मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनीं प्लेगचा, म्हणजे त्या वेळच्या मराठी पत्रांच्या भाषेंत ग्रंथिक सन्निपाताचा, रोगी ओळखला तो सप्टेंबर १८९६ मध्यें. ता. २८ जानेवारी १८९७ रोजीं साथीच्या कायद्याचा मसुदा वरिष्ठ कायदेमंडळापुढें आला आणि एका आठवड्यानें तो कायदा झाला. त्याच फेब्रुवारींत मुंबई व कराची या बंदरांतून हाजेस जाणाऱ्या यात्रेकरूंना बंदी झाली. ता. १६ फेब्रुवारीस व्हेनिसची परिषद भरली. ती चालू असतांनाच ता. १० मार्च रोजीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले पुण्यास वारल्या. मार्चच्या मध्यास रँड यांच्या प्लेग कमिटीनें पुण्यांत सोजिरांकडून घरझडती सुरू केली. ता. १९ मार्च रोजीं व्हेनिसच्या तहावर सह्या झाल्या. ता. २२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. कायदा झाल्यापासूनचा हा प्रकार शके १८१८ च्या माघापासून शके १८१९ च्या ज्येष्ठापर्यंतचा. निजामी दप्तरांत तो फसली १३०६ या एकाच सालांत पडतो.

या तारखांचा क्रम ध्यानांत ठेवला म्हणजे रूढ झालेल्या दोन समजुती टिकत नाहींत.

पहिली समजूत अशी कीं, पुण्यांतील घरझडतीचा हुकूम मुळांत व्हेनिसहून आला. परदेशांच्या धाकामुळें इंग्रज सरकारास तसें करणें भाग पडलें. या समजुतींत अर्धें सत्य आहे, आणि अर्धें सत्य हें संशोधनांत पूर्ण असत्यापेक्षां अधिक घातक असतें. तहावर सही होण्यापूर्वींच सोजीर पुण्याच्या घरांत शिरले होते. तेव्हां तहाचें कलम हें त्या कृत्याचें कारण असूं शकत नाहीं. शिवाय तहाचा मजकूर पाहिला तर त्यांत भर दिसतो तो बंदरांवर व जहाजांवर. साथ उद्भवतांच इतर सरकारांस वर्दी देणें, जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाची आधीं वैद्याकडून तपासणी करणें, रोग्यास चढूं न देणें, दूषित वस्तूंचें निर्जंतुकीकरण करणें, हीं त्यांतील मुख्य बंधनें. रोग अंगांत मुरून राहण्याची कमाल मुदत दहा दिवस धरावी, असेंही तेथें ठरलें. बुधवार किंवा कसबा पेठेंतील माजघरांत काय करावें याविषयीं तो तह सांगत नाहीं. माजघरांतील कृत्यांची जबाबदारी ज्यांनीं तीं केलीं त्यांचीच आहे. ती व्हेनिसच्या खात्यावर मांडतां येणार नाहीं.

दुसरी समजूत याच्या उलट : जें कांहीं झालें तें शुद्ध वैद्यकाच्या गरजेनें झालें. हिचेंही निराकरण पाठच करतो. कायदा अवघ्या कांहीं कलमांचा आहे. दुसऱ्या कलमानें सरकारास, नेहमींचे कायदे अपुरे वाटल्यास, तात्पुरते नियम करण्याचा अधिकार दिला. त्यांत आगगाडीनें प्रवास करणाऱ्यांची तपासणी व संशयितांस वेगळें ठेवणें या गोष्टी नांवानिशीं आल्या आहेत. चौथ्या कलमानें, या कायद्याखालीं सद्भावानें केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाहीं, अशी तटबंदी केली. रोग्याची काळजी कशी घ्यावी, औषध कोणीं द्यावें, याचा त्यांत एक शब्दही नाहीं. आणि ज्या वैद्यकाच्या नांवानें हें सर्व झालें त्यास उंदीर व पिसू यांचा कार्यभाग त्या वेळीं कळलेला नव्हता. पॉल लुई सिमाँ यांनीं कराचीस पिसवेचा संबंध दाखविला तो १८९८ मध्यें. प्लेग कमिशननें तो मानला नाहीं. पुढें मुंबईस लिस्टन यांच्या प्रयोगांनंतर तो मान्य झाला. आंतरराष्ट्रीय तहांत उंदरास स्थान मिळालें तें १९०३ च्या पॅरिसच्या तहांत.

मग या दोन लेखांतील खरा संबंध कोणता? आमचें मत असें. १८५१ सालीं पॅरिस येथें पहिली आरोग्यपरिषद भरली तेव्हां बारा सरकारांनीं प्रत्येकीं एक वैद्य व एक मुत्सद्दी पाठविला होता. तेव्हांपासून या परिषदांत त्या दोन आसनांचा झगडा चालत आला आहे. रोग अडवावा असें वैद्य म्हणे. व्यापार अडूं नये असें मुत्सद्दी म्हणे. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनें पटकीचें माहेर हिंदुस्थान ठरविलें आणि येथील यात्रांवर तिच्या प्रसाराचा दोष ठेवला. १८९२ सालीं व्हेनिस येथेंच सुवेझच्या कालव्यापुरता पहिला तह झाला. म्हणजे १८९७ च्या परिषदेंत इंग्रज वकील बसणार तो आरोपीच्या जागीं बसणार, हें कलकत्त्यास आधींच ठाऊक होतें. रिकाम्या हातानें जाण्याऐवजीं हातांत एक कडक कायदा घेऊन जाणें सोयीचें होतें. मसुदा मांडल्यापासून सातव्या दिवशीं कायदा आणि त्यानंतर बाराव्या दिवशीं परिषद, या क्रमाचा दुसरा समाधानकारक अर्थ आम्हांस लागत नाहीं. हें अनुमान आहे हें खरें. परंतु तारखांचा भार त्याच्या बाजूस आहे. येणेंप्रमाणें, व्हेनिसच्या तहानें घरझडतीचा हुकूम दिला नाहीं. व्हेनिसच्या भीतीनें हुकूम देणाऱ्यास अमर्याद अधिकार मिळवून दिले. तह आणि तहाची भीति या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हा या परीक्षणाचा पहिला निष्कर्ष.

आतां तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं : गळलेलें नांव कोणाचें? कायद्याच्या आरंभीं त्याच्या व्याप्तीचें कलम आहे. तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू, असें सांगून उत्तर ब्रह्मदेश, ब्रिटिश बलुचिस्तान, संथाळ परगणे आणि स्पितीचा परगणा यांचीं नांवें मुद्दाम घातलेलीं आहेत. हिमालयांतील स्पितीची आठवण ठेवणारें हें कलम बीडच्या मुलखाची आठवण ठेवीत नाहीं, कारण तो मुलूख निजामचा. आणि व्हेनिसच्या परिषदेंत निजामचाही वकील नव्हता; परराष्ट्रांशीं बोलण्याचा अधिकार त्यानें केव्हांच इंग्रजांच्या हातीं दिला होता. म्हणजे वडवणीच्या माणसावर ज्यांचे परिणाम व्हावयाचे त्या दोन लेखांपैकीं एकांत त्याचें राज्य वगळलेलें, तर दुसऱ्यांत तें बोलावलेलेंच नाहीं. रोगास मात्र हा भेद ठाऊक नव्हता. प्लेग पुढें निजामच्या राज्यांतही पसरला. नगरच्या बाजारास जाणारा बीडकडील उदमी सरहद्द ओलांडतांच एका कायद्याखालीं येई, आणि परत फिरतांच त्यांतून सुटे.

येथपर्यंतची गोष्ट जुनी झाली. परंतु पाठाचा इतिहास येथें संपत नाहीं, आणि संग्राहकांस अधिक विचार करावयास लावणारा भाग पुढेंच आहे. ता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी संपली. ता. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद हें भारताच्या घटनेंतील ‘ब’ वर्गाचें राज्य झालें. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं बीड जिल्हा मुंबई राज्यांत आला व ता. १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. जमिनीवरची सरहद्द अशी क्रमाक्रमानें पुसली गेली. साथीच्या कायद्याचें व्याप्तीचें कलमही काळानुसार बदलत गेलें : ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ हे शब्द जाऊन त्यांच्या जागीं ‘सर्व भारत’ आला. पण त्यास शेपूट जोडलें गेलें तें असें कीं, १ नोव्हेंबर १९५६ च्या लगत आधीं जे मुलूख ‘ब’ वर्गाच्या राज्यांत होते ते वगळून. अर्थात् बीड, आणि त्यांत वडवणी, वगळून. राज्यांना आपल्या कायद्यानें असे मुलूख जोडून घेण्याची वाट मोकळी होती, व मध्यप्रदेशानें १९५८ सालीं ती घेतली. आमचा प्रश्न अंमलाचा नसून पाठाचा आहे. मध्यवर्ती कायद्याच्या अधिकृत पाठांत निजामची सरहद्द तशीच राहिली होती. ती काढून टाकली गेली ता. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमानें, म्हणजे करोनाच्या साथींत. पुढें त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्याचा कायदा झाला. जमिनीवरून गेलेली रेघ कागदावर आणखी साठ वर्षांवर टिकली.

पोथीच्या नकलांत जुन्या लेखकाची चूक पिढ्यान्‌पिढ्या उतरत येते, हें आपण नित्य पाहतों. येथें तर चूकही नव्हती. कोणीं पुन्हां वाचून पाहण्याची तसदी घेतली नाहीं, इतकेंच. त्याच एप्रिल २०२० मध्यें बीड जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांच्या परिसरांत अडकून पडले होते. सरकारनें तपासणी करून त्यांना गांवीं परतूं द्यावयाचें ठरविलें. बैलगाड्या व ट्रक यांतून घराकडे निघालेल्या या कुटुंबांची वाट पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे त्याच जुन्या रेघेवरून जात होती. त्यांच्यापैकीं कोणास व्हेनिसचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण ज्या कायद्याच्या नांवानें त्यांना थांबविलें गेलें तो व्हेनिसच्या वेळचा होता.

या दोन टोकांच्या मध्यें १९९४ सालचें प्रकरण येतें. त्याविषयीं मौन ठेवलें तर हें परीक्षण एकांगी होईल. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें बीड जिल्ह्यांतीलच मामला या गांवीं उंदीर पडूं लागले आणि गांठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले. सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगची साथ उठली. देशभर मिळून पन्नासांहून थोडे अधिक मृत्यु झाले. परंतु कांहीं देशांनीं हिंदुस्थानाकडील विमानें थांबविलीं व मालाची आयात बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेनें असे निर्बंध घालण्याची शिफारस केलेली नव्हती. त्या वेळीं अंमलांत असलेल्या १९६९ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचें सूत्रच असें होतें कीं, रोगापासून जास्तींत जास्त संरक्षण मिळावें आणि वाहतुकीस कमींत कमी अडथळा व्हावा. प्लेगची वर्दी देण्याचें बंधन ज्या नियमांनीं हिंदुस्थानावर घातलें, त्याच नियमांनीं इतरांवर घातलेली मर्यादा त्या देशांनीं पाळली नाहीं.

१८९७ व १९९४ हीं दोन सालें शेजारीं मांडून पाहावीं. पहिल्या वेळीं बीडचा मुलूख तहाच्या व कायद्याच्या बाहेर होता. दुसऱ्या वेळीं त्या मुलखांतील एका लहानशा गांवाचें नांव दूरदूरच्या दरबारांत पोंचलें, पण तें धोक्याची खूण म्हणून. दोन्ही वेळां उणीव तीच : सरकारांचें परस्पर सहकार्य वर्दी देणाऱ्याकडून सत्य मागतें, आणि सत्य सांगितल्याबद्दल त्यास शिक्षा होणार नाहीं याची हमी देत नाहीं. ज्यास खरें बोलल्याचा दंड भरावा लागतो तो पुढच्या खेपेस उशीरा बोलतो. तहाच्या भाषेंत सांगावयाचें तर, यांतील वर्दीचें कलम दिवाणी हुकमासारखें कडक आहे आणि मर्यादेचें कलम मित्राच्या विनंतीसारखें मऊ आहे. हा या परीक्षणाचा दुसरा निष्कर्ष. व्हेनिसच्या तहावर आमचा मुख्य आक्षेपही हाच.

आक्षेप घेतला म्हणून गुण झांकूं नयेत. या परिषदांनीं युरोपांतील जुनी, माणसांस आठवडेच्या आठवडे सरहद्दीवर कोंडून ठेवण्याची रीत मोडावयास लावली; १८९३ चा ड्रेस्डेनचा तह याची साक्ष आहे. रोगाची बातमी लपवूं नये हें तत्त्व त्यांनींच रुजविलें. त्यांतूनच १९०७ सालीं रोम येथील करारानें पॅरिसची कायमची आरोग्यकचेरी निघाली. १९४६ सालीं न्यूयॉर्क येथें जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेवर सह्या होऊन ती ता. ७ एप्रिल १९४८ पासून अंमलांत आली. निजामी संपण्यापूर्वीं पांच महिने ही संस्था उभी राहिली, हाही एक योगायोग. १९९४ च्या प्रसंगानंतर, १९९५ पासून, जुने नियम बदलण्याचें काम सुरू झालें व २००५ सालीं नवे नियम मंजूर होऊन ता. १५ जून २००७ पासून लागू झाले. त्यांच्या तिसऱ्या कलमांत माणसाची प्रतिष्ठा, मानवी हक्क व मूलभूत स्वातंत्र्यें यांचा मान राखून हे नियम अंमलांत आणावे, असें म्हटलें आहे. पुण्यांतील माजघरांत १८९७ सालीं जें हरवलें होतें त्याचें नांव आंतरराष्ट्रीय पाठांत येण्यास एकशें आठ वर्षें लागलीं. यास आम्ही उशीर म्हणूं, पण व्यर्थ म्हणणार नाहीं.

मे २०२५ मध्यें जागतिक आरोग्य सभेनें महासाथींविषयीं नवा करार मंजूर केला. त्यांत रोगजंतूंचे नमुने देणें व त्यांपासून होणारा लाभ वांटून घेणें यासंबंधींचें परिशिष्ट पुढील वाटाघाटींवर सोडण्यांत आलें. येथेंही जुना दाखला उपयोगी पडेल. १८९७ सालीं जर्मन, रशियन, ऑस्ट्रियन अशा अनेक सरकारांचीं वैद्यमंडळें मुंबईस आलीं. ऑस्ट्रियन मंडळानें येथील प्लेगचे जंतु व्हिएन्नास नेले. ऑक्टोबर १८९८ मध्यें त्यांच्यापासूनच तेथील प्रयोगशाळेंत लागण होऊन डॉ. म्युलर यांच्यासह तिघे दगावले. मुंबईच्या रोग्याच्या अंगांतून काय नेलें, कोणाच्या संमतीनें नेलें, आणि त्याच्या बदल्यांत मुंबईस काय मिळालें, हे प्रश्न तेव्हां कोणीं विचारले नाहींत. २०२५ सालीं जें परिशिष्ट म्हणून लिहावयाचें राहिलें तें खरें पाहतां त्या जुन्या तहाचें गळलेलें पान आहे.

शेवटीं आमच्या वाचकांपुढें एक काम ठेवावयाचें आहे. तहांचे अस्सल पाठ फ्रेंच भाषेंत परदेशच्या दप्तरखान्यांत सुखरूप आहेत. कायद्याच्या प्रति ठिकठिकाणीं मिळतात. पण तह पाळला गेला कीं मोडला गेला याचा पुरावा तह करणाऱ्यांच्या दप्तरांत सांपडत नाहीं. तो ज्यांच्यावर तो चालला त्यांच्या घरीं सांपडतो. वडवणी व आसपासच्या गांवांत देशमुख, देशपांडे, कुळकर्णी यांच्या घरचीं मोडी दप्तरें आपण वतनाच्या व वाद्यांच्या कागदांसाठीं चाळतों. त्यांच्या तळाशीं टोंचून घेतल्याचा दाखला, प्रवासाचा पास, बाजार बंद ठेवण्याविषयींचा उर्दू हुकूम, किंवा गांव सोडून माळावर झोंपड्यांत राहावयास गेल्याची जमाखर्चाच्या वहींतील नोंद सांपडली, तर ती अर्वाचीन व क्षुल्लक म्हणून टाकूं नये. फसली सालास शके व इसवी सन लावून, ज्या घरीं कागद मिळाला त्या गांवाचें नांव घालून, त्याची नक्कल करून ठेवावी. १९९४ व २०२० सालचे चावडीवरील हुकूम व पास यांचीही हीच व्यवस्था करावी. पन्नास वर्षांनीं ते तितकेच दुर्मिळ होतील.

तलवारीच्या तहांत कोण जिंकलें हें पाहावयाचें असतें. रोगाच्या तहांत कोण वगळलें गेलें हें पाहावयाचें असतें. तें पाहण्याचें साधन वडवणीच्या एखाद्या माळ्यावर वाळवीच्या तोंडीं पडलेलें असूं शकेल. वाळवीच्या आधीं तेथें पोंचणें हें आपलें काम आहे.